चिंगीला बाहेर सोडू का?

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घर गावाच्या कडेला; पुढून नव्याने रुंद झालेला रस्ता, मागे सोयाबीन-तुरीचं रान. घरात नवरा, माळकरी सासूबाई आणि सहावीतली लेक. गेल्या हिवाळ्यात त्यांचा बोका काळू दोन रात्री घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी बांधावर मेलेला सापडला. अंगावर जखम नव्हती. ‘त्या रात्री दार मीच उघडलं होतं,’ हे वाक्य पत्रात दोनदा आलं आहे. काळूनंतर चिंगी आली. ती आता आठ महिन्यांची आहे, दूध-भाकरीवर वाढली आहे. लेकीने काळूच्या धसक्याने दारं-खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली आहे. चिंगी मात्र मधूनच पाच-सहा दिवस रात्रभर दाराशी ओरडते, फरशीवर लोळते, माणसांच्या पायाला अंग घासते, मग शांत होते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. या गडबडीत ती दोनदा निसटली. एकदा सकाळी आपणहून परतली, एकदा शेजारच्या काकांच्या कोंबडीचं पिल्लू तोंडात धरून आली. सासूबाई म्हणतात, ‘मुक्या जिवाला कोंडून ठिवलं की तळतळाट लागतो. मांजर हाय ते, फिरनारच.’ नवऱ्याचं म्हणणं, शेतातल्या आखाड्यावर नेऊन सोडू, तिथं उंदरांना तोटा नाही. ताई विचारतात: चिंगीला घरात ठेवणं क्रूरपणा आहे, की बाहेर सोडणं बेजबाबदारपणा?

ताई,

आधी त्या ओरडण्याबद्दल बोलते, कारण घरातला सगळा वाद त्यावर उभा आहे आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांनीच वेगळा लावला आहे. सासूबाईंना त्यात कोंडलेल्या जिवाचा आक्रोश ऐकू येतो, तुम्हाला अपराध वाटतो, लेक आणखी एक कडी लावते. पण तुम्ही जे वर्णन केलं आहे (पाच-सहा दिवस ओरडणं, लोळणं, अंग घासणं, मग शांतता आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच) ते माजावर आलेल्या मांजरीचं वर्णन आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. बोका मिळाला नाही तर माज आठवडाभरात ओसरतो आणि थोड्याच दिवसांत परत येतो. गाई-म्हशींसारखं ठरावीक दिवसांनी तिच्या शरीरात बीज सुटत नाही. साधारणपणे ते बोक्याचा संग झाल्यावरच सुटतं. त्यामुळे घरात ठेवलेल्या, नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या मांजरीचं हे चक्र पुन्हापुन्हा फिरत राहतं. त्या दिवसांत चिंगीला मोकळं आभाळ नको असतं, बोका हवा असतो. दार उघडलंत तर ओरडणं थांबेल, आणि दोन महिन्यांनी तुमच्याकडे तीन-चार पिल्लं असतील.

कदाचित ती आताच वाटेवर असतील. चिंगी दोनदा निसटली, त्यातली एक वेळ रात्रभराची होती. मांजरीचे दिवस साधारण त्रेसष्ट ते पासष्ट असतात. म्हणून बाकी काहीही ठरवण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्या, निसटल्याच्या तारखा सांगा आणि तपासून घ्या. गाभण असेल तर पुढचा निर्णय त्यांच्या सल्ल्याने घ्यावा लागेल. नसेल तर ऑपरेशनची तारीख ठरवूनच परत या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर बहुतेक वेळ गुराढोरांत गुंतलेले असतात. तिथे मांजराचं ऑपरेशन होत नसेल तर तुमच्या जिल्ह्यातच परभणीला पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय आहे, त्यांच्या चिकित्सालयात आधी फोन करून विचारा. लातूर-नांदेडच्या बाजूच्या वाचकांना उदगीरचं महाविद्यालय जवळ पडेल. ऑपरेशननंतर दहा-चौदा दिवस टाका जपावा लागतो, मांजर घरातच ठेवावं लागतं. घरात राहण्याची सवय लावायला याहून सोयीचे दिवस मिळणार नाहीत. तेव्हा मी पुढे सांगते ती तयारी त्याआधी करून ठेवा.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. त्यांनी आयुष्यभर मांजरं पाहिली आहेत. बळदातली ज्वारी मांजरांच्याच जोरावर राखली असेल. मांजर हिंडतं, शिकार करतं, उंचावर बसतं, त्याला आपल्या मनाने ये-जा करायची असते, हे त्यांचं निरीक्षण अगदी खरं आहे. त्यांच्याशी बोलताना मात्र एक गोष्ट हळूच विचारा: त्यांच्या माहेरच्या वाड्यातली मांजरं किती वर्षं जगली? बहुतेक घरांत याचं उत्तर सारखंच येतं. अमकी मनी ‘निघून गेली’, तमका बोका ‘परत आलाच नाही’, पिल्लं ‘बोक्याने मारली’ किंवा मांजरीने ‘सात घरं फिरवली’ आणि मग दिसली नाहीत. एक गेलं की दुसरं यायचं, घरात मांजर असायचंच. त्यामुळे आठवणीत राहिलं ते उन्हात पसरलेलं, लठ्ठ, सुखी मांजर. जी गेली त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. ‘पूर्वी मांजरं मोकळी होती आणि त्यांना काही होत नव्हतं’ यातला दुसरा भाग आपण तपासून पाहिलेलाच नसतो.

शिवाय आता बाहेरचं जगच बदललं आहे. तुमच्या दारासमोर पूर्वी बैलगाडीचा रस्ता होता, आता भरधाव टिप्पर जातात. मागे रान आहे, आणि रानात उंदरांसाठी औषध टाकलं जातं. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे पुष्कळ वाचकांना कामाला येईल.

आपल्याकडे उंदरांसाठी मुख्यतः दोन प्रकारची विषं वापरतात. एक झिंक फॉस्फाइड, ती काळपट भुकटी, भरड्यात तेल घालून मिसळतात. पोटातल्या आम्लाशी संयोग झाला की त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. परिणाम काही तासांत दिसतो आणि त्यावर नेमका उतारा नाही. दुसरं ब्रोमॅडिओलोन, तयार वड्या मिळतात त्या. ते रक्त गोठणं थांबवतं, पण हळूहळू, तीन-चार दिवसांत. विष खाल्लेला उंदीर तेवढे दिवस जगतो, सुस्त होतो आणि त्यामुळेच मांजराला सहज सापडतो. असे उंदीर खाऊन विष मांजराच्या पोटात जातं. हिरड्या पांढुरक्या पडणं, नाका-तोंडातून किंवा लघवीतून रक्त, धाप लागणं ही लक्षणं दिसली तर तासही घालवू नका. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे आणि वेळेत दिला तर मांजर वाचतं. औषधाचं वेष्टन सापडलं तर डॉक्टरांकडे सोबत न्या, उपचार त्यावर ठरतात. घरच्या घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका.

काळूच्या अंगावर जखम नव्हती हे वाचून मलाही विषाचीच शंका आली. पण शंका म्हणजे पुरावा नाही. साप असेल, आजार असेल. ताई, त्या रात्री तुम्ही दार उघडलं, त्याच्या आदल्या रात्रीही उघडलं होतं आणि त्याच्या आधीच्या कितीतरी रात्री. गावातल्या सगळ्यांना जे ठाऊक होतं तेच तुम्हाला ठाऊक होतं, आणि त्याप्रमाणे तुम्ही वागलात. हा दोष स्वतःच्या अंगावर घेऊ नका. लेकीसमोर तर ते वाक्य पुन्हा उच्चारूच नका. ती कड्या का लावते आहे याचा विचार करा: तिच्या मनात दार उघडणं आणि मरण यांची गाठ बसली आहे. चिंगीसाठी काय करायचं ते ठरवताना ही गाठही सुटली पाहिजे.

बाहेर सोडण्याच्या विरोधात आणखी एक बाजू आहे आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते: मांजराच्या तोंडी जाणारे जीव. कोंबडीच्या पिल्लाला मालक होता म्हणून तक्रार आली. खार, सरडा, चिमणीचं पिल्लू यांच्या वतीने कुणी येत नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की तिथे मांजरं दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. त्यातला मोठा वाटा बेवारशी मांजरांचा आहे, हेही सांगायला हवं. पण आपली न पाळलेली पिल्लं पुढे बेवारशीच होतात. जर्मनीतल्या वॉलडॉर्फ गावाने २०२२ मध्ये गावाच्या एका भागातल्या लोकांना ऑगस्टअखेरपर्यंत मांजरं घरात ठेवायला लावली, कारण तिथे तुरेवाल्या चंडोलाच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या आणि हा पक्षी घरटं जमिनीवर करतो. त्याचे भाऊबंद आपल्या माळावरही आहेत. तुमच्या मागच्या बांधावर गवताच्या बुडाशी त्यांची अंडी असू शकतात, टिटवीची तर असतातच. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेल्या मांजरांना मालकाच्या आवारातच ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडे असा नियम नाही, म्हणून निर्णय तुमच्यावर येतो.

तर माझं मत स्पष्ट सांगते. पुढे असा रस्ता आणि मागे असं रान असलेल्या घरात चिंगीला मोकळं सोडू नये. पण आज ती जशी घरात आहे, तशी ठेवणंही बरोबर नाही.

कारण सासूबाईंच्या म्हणण्यातला खरा भाग इथे येतो. काहीही करायला नसलेलं मांजर खंगतं, नाहीतर खाऊन सुटतं. चिडतं, कुठेही मुततं. आणि लेकीने लावलेल्या खिडक्या मे महिन्यात उघडाव्याच लागतील. ४२-४३ अंशांत पत्र्याच्या खोलीत बंद खिडकीआड मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर तो जिवाला धोका असतो.

म्हणून पहिला खर्च जाळीच्या दाराचा करा. आपल्याकडची घरं दिवसभर उघडी असतात. पाण्याचा टँकर येतो, शेजारीण डोकावते, लेकरं आत-बाहेर करतात. अशा घरात ‘दार लावा, दार लावा’ म्हणून मांजर राखता येत नाही. लाकडी चौकटीला आपोआप मिटणारी स्प्रिंग आणि तारेची जाळी बसवली की दार उघडं राहूनही चिंगी आत राहते, वारा येतो, डासही कमी होतात. सासूबाईंनाही दार बंद असल्यासारखं वाटणार नाही. खिडक्यांना तीच जाळी. प्लास्टिकची डासांची जाळी नको, ती नखांनी फाटते. जमलं तर गच्चीचा किंवा ओसरीचा एक कोपरा वरूनसुद्धा जाळी टाकून बंद करून घ्या. वेल्डमेश वापरा, हिरवं शेडनेट सावलीसाठी वरून चालेल, भिंत म्हणून टिकणार नाही. त्या कोपऱ्यात एक उंच फळी ठोका. मांजराला वरून बघत बसायला मिळालं की निम्मा कंटाळा जातो.

बाकी सामान घरातच आहे. जाड सुतळी गुंडाळलेला लाकडी खांब किंवा पोतं ठोकलेली फळी नखं घासायला. पसरट घमेल्यात वाळू, तिच्या जेवणाच्या जागेपासून लांब, रोज साफ. घरात कुणी गरोदर असेल किंवा लेक-सून बाळंतपणाला आलेली असेल तर हे घमेलं तिने साफ करू नये. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो. तो संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणूनच रोजची सफाई महत्त्वाची. त्यासाठी मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

खाण्याबद्दल मात्र तुमच्या घरात थोडं अवघड बोलावं लागेल. चिंगी दूध-भाकरीवर आहे. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो धान्यात नसतो. तो कमी पडला तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. दुधाने तर पुष्कळ मोठ्या मांजरांना हगवण लागते. म्हणजे चिंगी बाहेर जायला धडपडते त्यात माजाबरोबर अर्धपोटी शरीराचाही भाग असू शकतो. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाने २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर एक प्रयोग केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि मालकाने रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटेने त्या प्रयोगात काही फरक पडला नाही, म्हणून घुंगरू बांधून प्रश्न सुटेल असं समजू नका.

माळकरी घरात मांस शिजणार नाही आणि शिजावं असं मी सुचवत नाही. मांजरांसाठीचं तयार कोरडं खाणं तालुक्यालाही मिळू लागलं आहे, त्यात टॉरिन असतं. वेगळी वाटी, वेगळी जागा, चुलीपासून लांब. सासूबाईंना एवढंच सांगा की चिंगीचं शरीर देवानेच तसं घडवलं आहे. तिला आपल्या घरचं पथ्य लागू होत नाही. माळ घातलेल्या पुष्कळ घरांनी हे समजून घेतलं आहे. बदल हळू करा, आठ-दहा दिवसांत भाकर कमी, खाणं जास्त. पाणी भरपूर ठेवा, कोरड्या खाण्यावर मांजराला ते जास्त लागतं.

खेळाचं काम लेकीला द्या. काठीला दोरी, दोरीला पीस किंवा कापडाची गुंडी. दिवेलागणीला दहा मिनिटं ती उंदरासारखी लपतछपत, थांबत पळवायची, शेवटी चिंगीला धरू द्यायची आणि लगेच जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणं आणि झोप हा मांजराचा क्रम आहे. तो पुरा झाला की रात्र शांत जाते. खेळ झाला की दोरी उचलून ठेवायची, गिळली तर आतड्यात अडकते. लेकीच्या हाताला कड्या लावण्यापेक्षा हे काम मिळू दे. डॉक्टरांकडेही तिला सोबत न्या.

लस याच फेरीत घ्या: मांजरांच्या आजारांची एकत्रित लस आणि रेबीजची, नंतर डॉक्टर सांगतील तशी पुढची. घरात राहणाऱ्या मांजरालाही रेबीजची लस हवी, कारण चिंगी दोनदा निसटली तशी पुन्हा निसटू शकते. कुठल्याही मांजराने चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचवणं जवळजवळ अशक्य असतं.

आता आखाड्याचं. तुमच्या यजमानांच्या मनात चिंगीचं वाईट नाही हे मला कळतं, पण घरात वाढलेली, शिकारीत कच्ची, माजावर येणारी मांजरी अनोळखी रानात सोडणं म्हणजे तिला कुत्र्यांच्या आणि बोक्यांच्या हवाली करणं. पुष्कळदा असं मांजर जुन्या घराच्या दिशेने चालू लागतं आणि रस्त्यावर संपतं. पाळलेला प्राणी असा टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हाही आहे. पोत्यात भरून आठवडी बाजारात नेऊन सोडलेल्या पिल्लांनाही तो लागू होतो.

ज्या वाचकांच्या आखाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या मांजरं आहेत, त्यांना मी ती घरात आणून बांधा म्हणणार नाही. त्यांचं जगणं गोठ्याशी, कडब्याच्या गंजीशी जोडलेलं आहे. त्यांच्यासाठी चार गोष्टी करा. नर-मादी दोघांचंही ऑपरेशन करा. रेबीजची लस द्या. रोज पोटभर खायला घाला, कारण पोट भरलेलं मांजरही उंदीर धरतंच आणि भुकेलं मांजर मात्र लांब भटकतं. आणि रात्री त्यांना खोलीत घ्या. जिथे मांजर आहे तिथे विषाच्या वड्या ठेवू नका. दोन्ही एकत्र चालत नाहीत. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवलं तर उंदरांचं निम्मं कारण संपतं.

ऑपरेशन झाल्यावर, टाका भरल्यावर आणि जाळीचा कोपरा तयार झाल्यावरही चिंगी काही दिवस दाराशी जाईल. तेव्हा दार उघडू नका. दहा वेळा ओरडल्यावर उघडलं तर अकराव्यांदा ओरडायचं ती त्यातून शिकते. तिला हाक मारा, खेळवा. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा ती खाणं सोडून बसली, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. अंगपट्टा घालून संध्याकाळी परसात फिरवणं काही मांजरांना आवडतं, काहींना मुळीच नाही. घरात आठ दिवस पट्ट्याची सवय करून मग बघा.

शेजारच्या काकांकडे मात्र उद्याच जा, सासूबाईंना सोबत घेऊन. पिल्लाचे पैसे द्या, ते नको म्हणाले तरी द्या. चिंगी आता घरातच राहणार आहे आणि तिचं ऑपरेशन करणार आहोत हे सांगा. बोलता बोलता त्यांच्या आणि लगतच्या रानात उंदरांचं औषध कधी टाकतात ते विचारून घ्या, टाकण्याआधी निरोप द्यायला सांगा. मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता खोल पुरायलाही सांगा. त्यांच्या कोंबड्या त्याच बांधावर चरतात.